माटोळी, काचेतून

चवथीला तीन दिवस उरले तेव्हा
उपेंद्रने माटोळीची चौकट ओसरीवर नेली,
माझ्या खोलीपासून सतरा पावलं लांब.
कवंडळं, आंबाडे, सुपारीचा कातरा,
साट्रेच्या रानातली कांगलं,
सगळ्यांवर रानाची बारीक धूळ.
"तू काचेतूनच बघ," म्हणाला,
आणि काच पुसली. आतून.
बाहेरून पुसायला विसरला.

डिचोलीच्या या घरात भाद्रपदात
चामड्याच्या चपलेला दाढी येते,
लग्नाच्या अल्बमला येते,
हार्मोनियमच्या पेटीला येते.
मी ती पदराने पुसायचे आणि कामाला लागायचे.
मामलेदार कचेरीत जुन्या फायली झटकताना
किती शिंकले असेन, हिशेब नाही.
आता बांबोळीचे डॉक्टर कुएल्हो
तिचं लॅटिन नाव घेतात, अगदी हळू,
आजारी नातेवाइकाचं घ्यावं तसं.

स्कॅनमध्ये उजवीकडे एक पांढरा ठिपका,
भोवती फिकट खळं.
चंद्राला असं खळं पडलं की
आई वाळवणं आत घ्यायची.

राखणदाराला सकाळी नऊला, रात्री नऊला
आम्ही गुंगीची गोळी देतो.
घरात पाहुणा आहे. त्याला तो ओळखत नाही,
दिसला तर दंडुका घालील.
पण मग वेशीवरून दुसरं कुणी आलं तर?
"येणारच," कुएल्हो म्हणाले. "हवा आहे ती."

पाहुणा एकतीस वर्षांचा.
चेन्नईला नाव सांगत नाहीत.
उंची माझ्याएवढी, रक्तगट तोच,
आणि अंगात एक विषाणू.
लहानपणी कधीतरी ताप येऊन गेला असेल,
आईने कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवली असेल,
दोन दिवस शाळा बुडाली असेल.
ताप गेला, विषाणू निजून राहिला,
आणि फुप्फुसांबरोबर माझ्यात आला.
जूनमध्ये जागा झाला.
तीन आठवडे मी
त्याच्या लहानपणच्या तापाने फणफणले.

गुरुवारी फोनवर आकडा यायचा:
अकरा हजार. चार हजार. नऊशे.
उपेंद्र पेढ्यांची भाषा बोलू लागला.
मला मात्र एका रात्री वाटलं,
त्याच्याबद्दल ठाऊक असलेली एकच गोष्ट,
तीही पुसत चाललोय आपण.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

बुरशी मात्र माझी. इथली.
ज्या रोयणीला सातेरी म्हणून आम्ही साडी नेसवतो
तसल्याच रोयणींवर श्रावणात आळमी उगवायची.
बाबा वाळपईहून आणायचे, सागाच्या पानात,
भाव न करता, देवीचं म्हणून.
खोबरं घालून केलेलं ते तोणाक
मी वाटी चाटून खाल्लंय.
आता तिच्याच गणगोतातलं कुणी
छातीत बिऱ्हाड करायला आलं,
तर चिडायचं कोणत्या तोंडाने?
तरी चिडते. गोळी गिळताना रोज चिडते.

ही नवी गोळी डोळ्यांच्या कडेला रंग हलवते.
उन्हात पाच मिनिटं बसले तर कातडी सोलते.
काचेपलीकडे कवंडळ इतकं लाल दिसलं
की मी ओरडले, "उपेंद्र, पेटलंय ते!"
तो वर बघून म्हणाला, "पिकलंय."

आज नळीत फुंकर मारली: दोन पूर्णांक एक.
काल दोन पूर्णांक दोन होती.
वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली,
कचेरीची सवय.

आरती सुरू झाली. मास्कच्या आत ओठ हलवले.
दिराचा यतीन घंटा खाली ठेवून काचेशी आला,
बाहेरच्या न पुसलेल्या धुळीत
बोटाने काहीतरी लिहिलं.
मला ते उलटं दिसलं, वाचायला वेळ लागला:
उंदराला चष्मा लावलाय.
खरंच लावला होता. उपेंद्रचा जुना, एका काडीचा.

मी हसले,
आणि खोकला येतो का
याची वाट बघत थांबले.